तारापूरजवळच्या किनाऱ्यावरची वाळू आणि मासळी ऑनलाइन मिळणाऱ्या रेडिएशन मीटरने तपासता येईल का?

मीटर जरूर घ्या. पण किनाऱ्यावर जाण्याआधी आपलं घर मोजा. हे कळकळीने सांगतोय, कारण न मोजता काय होतं ते मी भोगलंय.

तारापूर अणुवीज केंद्राच्या पट्ट्यात अठरा वर्षं मी किरणोत्सर्ग तपासण्यासाठी नमुने गोळा करायचं काम केलं. ओहोटीची वेळ बघून निघायचं. पुळणीवरची वाळू, खाडीतला गाळ, शेवाळ, कालवं, मासळी, आसपासच्या गावांतलं दूध, सगळं पिशव्या-बाटल्यांत भरून जागा आणि तारीख घालायची. निवृत्त होऊन नाशिकला आलो.

एका दिवाळीनंतर गंगापूर रोडला साडूंकडे जेवण होतं. मी सातपाटीचे पापलेट बर्फात घालून आणले होते. साडूंनी नवा मीटर ओट्यावरच्या ताटाला लावला. आकडा तासाला ०.२१ मायक्रोसिव्हर्ट (किरणोत्सर्गाची मात्रा मोजायचं एकक). अंगणात त्यांनी ०.०८ बघितला होता. "बघा, अडीचपट!" सासूबाईंनी ताट उचललं आणि मासळी टाकून दिली. मी म्हटलं, आता रिकाम्या ओट्यावर धरा. तरीही ०.२१! ओटा ग्रॅनाइटचा होता. ग्रॅनाइटमध्ये युरेनियम, थोरियम, पोटॅशियम आपल्या काळ्या दगडापेक्षा बरंच जास्त असतं. नाशिकचा खडक बेसाल्ट, काळाराम मंदिर ज्याचं बांधलंय तोच, म्हणून अंगणातला आकडा कमी. साडू एवढंच म्हणाले, "तुम्ही तिथलेच, तुम्ही असंच सांगणार."

अठरा वर्षं चिखलात उभं राहून काढलेले नमुने त्या एका वाक्यात निकालात निघाले.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: मीटर फक्त एकूण आकडा देतो, तो कशामुळे आला ते सांगत नाही. प्रयोगशाळेत नमुना वाळवून, वजन करून, शिशाच्या आवरणातल्या जर्मेनियम डिटेक्टरवर तासन्‌तास ठेवतात. अणुभट्टीत तयार होणारं सीझियम-१३७ तिथे त्याच्या किरणांच्या ऊर्जेवरून, ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवर, ओळखू येतं, निसर्गातलं पोटॅशियम-४० १४६० वर. सीझियम चिकणमातीला धरून बसतं, म्हणून स्वच्छ वाळूपेक्षा खाडीचा गाळ तपासणं जास्त महत्त्वाचं. आपल्याकडे प्रत्येक अणुवीज केंद्राजवळ भाभा अणुसंशोधन केंद्राची पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा असते आणि ती केंद्र सुरू होण्याआधीपासून नमुने घेते. आधीचा आकडा नसेल तर नंतरच्याला अर्थ नाही. लोकांसाठीची मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे, तीही निसर्गातून मिळतं ते वगळून.

किनाऱ्यांवर काही सापडतच नाही, असं मात्र मी म्हणत नाही. स्कॉटलंडमध्ये डाउनरे अणुकेंद्राजवळच्या किनाऱ्यावर १९८३-८४ पासून अणुइंधनाचे वाळूच्या दाण्याएवढे कण सापडत आलेत. ते शोधायला गाडीला डिटेक्टर लावून पुळण पट्ट्यापट्ट्याने पिंजून काढतात. केंद्राच्या सांडपाण्याच्या पाइपाच्या तोंडाभोवती २ किलोमीटरपर्यंत मासेमारीला १९९७ पासून बंदी आहे. असा पुरलेला कण तुमच्या मीटरला दोन हातांवरूनही कळणार नाही. स्ट्रॉन्शियम-९० आणि प्लुटोनियम हे अणुभट्टीतले पदार्थ तर ओल्या वाळूत त्याला दिसतच नाहीत. म्हणजे मीटर गप्प राहिला म्हणून निर्धास्त होऊ नका, आणि वाजला म्हणून मासळी फेकू नका.

आधी रिकाम्या जागेवर दहा मिनिटं धरा, सरासरी वहीत लिहा, मग वस्तू ठेवून तितकाच वेळ धरा. आमच्याकडे त्या दिवशी कोणी वही काढली नाही. सासूबाईंनी पुढे कधीच माझ्या हातची मासळी घेतली नाही.