स्कारफेसपासून सुरुवात कर

अरे, सदर्न रॅप, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडचं रॅप, ऐकायला सुरुवात करतोयस ना, मग आधी स्कारफेसचा 1994 चा 'द डायरी' लाव. टेक्सासमधल्या ह्यूस्टनचा रॅपर, गेटो बॉइज या ग्रुपमधला, रॅप-अ-लॉट लेबलवर आलेला हा त्याचा तिसरा सोलो अल्बम. त्या काळात सगळ्यांचं लक्ष न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसकडे, आणि हा टेक्सासमध्ये बसून असलं काही करून गेला की अजून ऐकताना गलबलून येतं.

पहिल्यांदा ऐकताना मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नकोस प्लीज, हेडफोन लाव, कारण एन.ओ. जो आणि माइक डीन या प्रोड्यूसर्सचा तो जड, संथ बेस स्पीकरवर अर्धा गायबच होतो. 'आय सीन अ मॅन डाय' हे गाणं मात्र लिरिक्स समोर ठेवूनच ऐक, जेलमधून सुटलेला तरुण घरी येतो, बापाला भेटतो, आणि थोड्याच वेळात मरायला टेकलेला असतो, मग स्कारफेस त्याच्याशी अगदी हळू बोलतो, उशाशी बसल्यासारखा. शिव्या, हिंसा भरपूर आहे, पण मरणाची भीती इतकी उघडपणे सांगणारे फार कमी. शफल बंद ठेव हां, सलग ऐक, पाऊण तासाच्या आत संपतो.