येस, जेनेसिस, किंग क्रिमसन यांचे लाइव्ह अल्बम ऐकायचे तर सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: या तिन्ही ब्रिटिश प्रोग्रेसिव्ह रॉक बँडचे सत्तरच्या दशकातले स्टुडिओ अल्बम तुम्ही ऐकलेत, आवडलेत. पण लाइव्ह अल्बम लावला की तेच गाणं जरा खरबरीत आवाजात ऐकतोय असं वाटतं. शिवाय बाजारात इतके लाइव्ह संच आहेत की कुठला घ्यावा कळत नाही. तुमचं बाकीचं ऐकणं शास्त्रीय, त्यामुळे 'मैफलीत काहीच नवं घडत नसेल तर मैफल कशाला?' असंही तुम्ही विचारलंय.

तक्रार रास्त आहे. या बँडची बरीचशी गाणी स्टुडिओतच, टेपचे तुकडे जोडत जोडत उभी राहिली. येसचा 1972 चा 'क्लोज टू द एज' हे त्याचं ठळक उदाहरण. मग तेच सगळं स्टेजवर बरहुकूम वाजवून दाखवायचं, हा त्यांचा पण. प्रेक्षकही तेच बघायला यायचे की एवढं अवघड काम हे पाच जण खरंच हातांनी करतात का. समोर बसलेल्याला त्यात थरार होता. पन्नास वर्षांनी घरी हेडफोन लावून बसलेल्याला बरहुकूम वाजवण्याचं काय कौतुक? मूळ अल्बम कपाटात आहेच.

म्हणून बँडच्या नावाने जाऊ नका, एक वादक धरा आणि त्याच्या मागे चाला. माझ्या मते तो वादक म्हणजे ड्रमर बिल ब्रुफर्ड. 1972 ते 1976 या काळात हा गृहस्थ तुम्ही विचारलेल्या तिन्ही बँडमध्ये वाजवून गेला आणि तिन्हींच्या लाइव्ह अल्बमवर त्याच्या खुणा आहेत. एकच हात तीन वेगळ्या घरांत काय करतो आणि तो निघून गेल्यावर त्या घराचं काय होतं, हे ऐकू लागलात की 'तेच गाणं' ही तक्रार आपोआप मागे पडेल.

सुरुवात येसपासून. 'येससाँग्ज' हा 1973 चा तीन एलपींचा अल्बम, रॉजर डीनच्या चित्रांनी सजवलेला. ब्रुफर्डने 'क्लोज टू द एज'चं काम संपवलं आणि दौरा तोंडावर असताना बँड सोडला. कारण सरळ होतं: स्टुडिओतल्या त्या कशिदाकामाला तो कंटाळला होता आणि त्याला किंग क्रिमसनमध्ये जायचं होतं. त्याच्या जागी अ‍ॅलन व्हाइट आला. जॉन लेननबरोबर वाजवलेला, अंगाने रॉकचा माणूस. तीनेक दिवसांत त्याने हा सगळा कार्यक्रम बसवला आणि जुलैच्या अखेरीस दौऱ्यावर उभा राहिला. मात्रा मोजताना भल्याभल्यांची बोटं अडखळतील अशी ती गाणी आहेत, हे लक्षात घ्या.

'येससाँग्ज'वर बहुतेक गाण्यांत व्हाइट आहे, पण 'पर्पेच्युअल चेंज' आणि 'लाँग डिस्टन्स रनअराउंड' ते 'द फिश' हा भाग ब्रुफर्डच्या काळातला, 1972 च्या सुरुवातीचा आहे. आधी 'पर्पेच्युअल चेंज' ऐका. स्टुडिओत नऊ मिनिटांच्या आत संपणारं गाणं इथे चौदा मिनिटांवर जातं आणि त्यात ब्रुफर्डचा एकट्याचा तुकडाही आहे. त्याचा स्नेअर ड्रम कोरडा, टणक, जरा पत्र्यासारखा वाजतो आणि ठोका आपण अपेक्षा करतो त्याच्या किंचित अलीकडे-पलीकडे पडतो. मग लगेच व्हाइटचं 'सायबेरियन खात्रू' लावा. इथे ड्रम जड आहेत, जमिनीला धरून आहेत, आणि अख्खा बँड त्या जोरावर पुढे धावतोय. ब्रुफर्डच्या बँडमध्ये जी नजाकत होती ती गेली, पण रेटा आला. मला स्वतःला 'क्लोज टू द एज' हे गाणं व्हाइटच्या हातचं जास्त आवडतं. हे बोललं की जुनी येस मंडळी अंगावर येतात, पण असो.

'येससाँग्ज'चा आवाज मात्र गढूळ आहे, हे मान्य. त्यावर उतारा 2015 मध्ये आला: 'प्रोजेनी'. 31 ऑक्टोबर ते 20 नोव्हेंबर 1972 या काळातले सात पूर्ण कार्यक्रम, चौदा सीडींवर. सातही रात्री गाणी तीच, क्रमही तोच. ऐकायला वेडेपणा वाटेल, पण तुमच्यासारख्याला हा संच रुचेल, कारण गाणी तीच ठेवल्यामुळे त्यांच्या पोटात काय हलतं ते दिसतं. स्टीव्ह हाउची गिटार रोज त्याच वाटेने जात नाही. सगळा संच घ्यायची मात्र गरज नाही, निवडक गाण्यांचा छोटा संचही निघालाय.

आता मुख्य गोष्टीकडे. येस अमेरिका-कॅनडात ते सात कार्यक्रम करत होता, त्याच सुमारास, ऑक्टोबर 1972 मध्ये, ब्रुफर्ड जर्मनीत नव्या किंग क्रिमसनबरोबर स्टेजवर आला होता. इथे खेळ वेगळा. रॉबर्ट फ्रिपचा हा बँड कार्यक्रमात मोठाले भाग काही न ठरवता वाजवायचा. राग नाही, ताल ठरलेला नाही, कोणी सुरू करायचं हेही ठरलेलं नाही. जमलं तर जमलं. अनेकदा जमायचं नाही.

आणि इथेच या सगळ्या विषयातली सर्वांत मजेदार गोष्ट आहे. 1974 चा 'स्टारलेस अँड बायबल ब्लॅक' हा त्यांचा अल्बम दुकानात स्टुडिओ अल्बम म्हणून विकला गेला, पण त्याचा मोठा भाग मैफलीतला आहे. टाळ्या आणि प्रेक्षकांचा आवाज काळजीपूर्वक काढून टाकला, इतकंच. पूर्णपणे स्टुडिओत झालेली गाणी दोनच, 'द ग्रेट डिसीव्हर' आणि 'लमेंट'. म्हणजे तुम्ही तो अल्बम ऐकला असेल तर लाइव्ह रेकॉर्डिंग आधीच ऐकलंय, आणि ते खरबरीत वगैरे तुम्हाला वाटलेलं नाही!

त्यातला सर्वांत जास्त माल 23 नोव्हेंबर 1973 च्या अ‍ॅमस्टरडॅममधल्या कार्यक्रमाचा. जागा कॉन्सर्टखेबाउ, 1888 साली उघडलेलं, पाश्चात्य अभिजात संगीतासाठी जगभर नावाजलेलं सभागृह. त्या रात्री एका क्षणी डेव्हिड क्रॉसने व्हायोलिनवर अगदी हळू एक सुरावट सुरू केली. जॉन वेटनने बासवर तिला आधार दिला. फ्रिप मेलोट्रॉनवर बसला आणि बासरीचे सूर लावले. मेलोट्रॉन म्हणजे प्रत्येक पट्टीमागे टेपची एक फीत असलेला कीबोर्ड. फीत साधारण आठ सेकंदांची. त्यापलीकडे सूर धरताच येत नाही, बोट उचलावंच लागतं, म्हणून ती बासरी माणसासारखी श्वास घेत वाजते. आणि ब्रुफर्ड? तो काड्या छातीशी आडव्या धरून बसून राहिला. पूर्ण तुकडाभर, साडेपाच मिनिटांहून जास्त वेळ, एकही ठोका नाही. पुढे अल्बमवर हा तुकडा 'ट्रायो' नावाने आला आणि रचनाकारांच्या नावांत ब्रुफर्डचंही नाव आहे. न वाजवल्याबद्दल! तुम्ही शास्त्रीय ऐकणारे. विलंबित रंगात आलेलं असताना हात आवरून नुसता ठेका धरणाऱ्या तबलजीचं मोल तुम्हाला मी सांगायला नको. हा तर त्याच्याही पुढे गेला.

पूर्ण कार्यक्रम 1997 मध्ये 'द नाइट वॉच' या नावाने दोन सीडींवर निघाला. हे नाव त्यांच्याच गाण्याचं, आणि ते गाणं रेम्ब्रांटच्या चित्रावर आहे. चित्र अ‍ॅमस्टरडॅममध्येच, त्या सभागृहापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. तुम्हाला एकच अल्बम घ्यायचा असेल तर हा घ्या. 'फ्रॅक्चर' आणि 'ट्रायो' तुमच्या ओळखीचे असतील, पण ते मैफलीत कुठून उगवतात आणि त्यांच्यानंतर काय येतं हे कळलं की त्यांचा रंगच बदलतो.

पुढची सहा-सात महिन्यांची गोष्ट जरा कडू आहे. ज्या ड्रमरला गप्प बसल्याचं श्रेय मिळालं, तोच वेटनबरोबर दिवसेंदिवस इतका जोरात वाजवू लागला की व्हायोलिन ऐकू येईना. फ्रिपनेच त्या दोघांना उडत्या विटांच्या भिंतीची उपमा दिली होती. 28 जून 1974 चा न्यू जर्सीतल्या अ‍ॅस्बरी पार्कचा कार्यक्रम रेकॉर्ड झाला, 1 जुलैला न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये शेवटचा कार्यक्रम झाला, क्रॉस बाहेर पडला आणि सप्टेंबरमध्ये फ्रिपने बँडच मोडला. 1975 मध्ये मुख्यतः अ‍ॅस्बरी पार्कच्या रेकॉर्डिंगवरून 'यूएसए' हा लाइव्ह अल्बम निघाला तेव्हा काही ठिकाणी क्रॉसचं व्हायोलिन काढून एडी जॉब्सनकडून स्टुडिओत नवं वाजवून घेतलं होतं. जॉब्सन त्या रात्री तिथे नव्हताच. अल्बम जबरदस्त आहे, 'अ‍ॅस्बरी पार्क' या तुकड्यात बास आणि ड्रम अक्षरशः अंगावर येतात. पण वाद्यवृंदातला एक जण पुसून त्याजागी दुसरा बसवलेला आहे, हे माहीत असून ऐका. दोनच दिवसांनी, 30 जूनला, प्रॉव्हिडन्स शहरात त्यांनी जे उत्स्फूर्त वाजवलं त्याचा तुकडा 'रेड' या स्टुडिओ अल्बमवर 'प्रॉव्हिडन्स' नावाने आहे. तिथे क्रॉस सुरुवातीला एकटा ऐकू येतो, मग भिंत येते.

'लाइव्ह'मध्ये किती लाइव्ह हा प्रश्न क्रिमसनपुरता नाही. जेनेसिसने 1998 च्या संग्रहात 'द लॅम्ब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे'चा जानेवारी 1975 मधला लॉस एंजेलिसचा कार्यक्रम काढला तेव्हा पीटर गेब्रिएलने वीस वर्षांनंतर बरंच गायन नव्याने रेकॉर्ड केलं. कारण ऐकून हसू येईल: स्टेजवर तो फुगवलेल्या गाठींनी भरलेला अवजड पोशाख घालून गायचा आणि मायक तोंडाजवळ नीट पोचतच नसे. मला तो अल्बम जमत नाही. मागे पंचविशीतला बँड आणि पुढे चाळिशी ओलांडलेला गळा, हे कान लगेच ओळखतो.

त्यापेक्षा 1973 चा 'जेनेसिस लाइव्ह' घ्या. त्या फेब्रुवारीत लेस्टर आणि मँचेस्टरला अमेरिकन रेडिओ कार्यक्रमासाठी रेकॉर्ड केलेला, स्वस्तात विकायला काढलेला साधा एक एलपी. 'द नाइफ' ऐका, स्टुडिओतलं त्यापुढे मिळमिळीत वाटेल. जाता जाता: त्याच्या मागच्या बाजूला गेब्रिएलने भुयारी रेल्वेतल्या एका बाईची विचित्र गोष्ट छापली होती. ती वाचून चित्रपट-दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिनने त्याला कामासाठी बोलावलं आणि बँडमध्ये पहिली मोठी कुरबुर तिथून सुरू झाली.

ब्रुफर्ड जेनेसिसमध्ये 1976 च्या दौऱ्यापुरता आला. गेब्रिएल गेला होता, ड्रमर फिल कॉलिन्स पुढे येऊन गाऊ लागला होता, मागे कोणीतरी हवं होतं. 1977 च्या 'सेकंड्स आउट'वर त्याचं एकच गाणं आहे, 'द सिनेमा शो', पॅरिसचं. बाकी ठिकाणी चेस्टर थॉम्प्सन. 'द सिनेमा शो'च्या उत्तरार्धात, गाणं संपून सात मात्रांचा लांब वाद्यतुकडा सुरू होतो तिथे, कॉलिन्सही ड्रमवर परत येतो आणि दोघे मिळून वाजवतात. कॉलिन्स गुळगुळीत, ब्रुफर्ड काटेरी. डाव्या-उजव्या कानात वेगळे करून बघा. अख्ख्या अल्बममध्ये मला ही दहा मिनिटं पुरतात. बाकीचा अल्बम नीटनेटका आहे, आवाज सुरेख आहे, आणि नेमकी तुमची तक्रार त्याला लागू पडते.

ब्रुफर्डच्या वाटेबाहेरचे दोन. इमर्सन, लेक अँड पामर या बँडचा 'पिक्चर्स अ‍ॅट अ‍ॅन एक्झिबिशन' 26 मार्च 1971 ला न्यूकॅसलच्या सिटी हॉलमध्ये रेकॉर्ड झाला. रशियन संगीतकार मुसोर्गस्कीची रचना, आणि सुरुवातीला कीथ इमर्सन त्या सभागृहाचा खरा पाइप ऑर्गन वाजवतो. याची स्टुडिओ आवृत्ती त्यांनी तेव्हा काढलीच नव्हती, त्यामुळे तुलनेचा प्रश्नच मिटतो. आणि व्हॅन डर ग्राफचा 'व्हायटल', जानेवारी 1978, लंडनचा मार्की क्लब. बँडचा ऑर्गनवाला निघून गेलेला, त्याच्या जागी व्हायोलिन आणि चेलो, तेही कर्कश्श. सगळ्यांना झेपेल असं नाही.

क्रिमसनचाच 1972 चा 'अर्थबाउंड' मात्र सध्या बाजूला ठेवा. तो मिक्सरमधून थेट साध्या कॅसेटवर उतरवलेला आहे, आणि अमेरिकेतल्या त्यांच्या कंपनीने आवाज ऐकूनच तो काढायला नकार दिला होता. त्यात ब्रुफर्डही नाही. 'द नाइट वॉच' पचला की मग बघा.