नाशिकहून दहेजला बदली झालीय, मुलं 5 आणि 11 वर्षांची. कंपनीपासून जवळ आणि फॅमिलीला चांगलं असं गाव कुठलं, अंकलेश्वर, भरूच की बडोदा?

तुमचा प्रश्न वाचला आणि निवडायला घेतलेली मेथी तशीच ठेवून लिहायला बसले. "कंपनीपासून जवळ आणि फॅमिलीला चांगलं" हे वाक्य मी 2015 साली आमच्याच घरात ऐकलंय. आधी हे जवळ पडण्याचं खूळ डोक्यातून काढा. कंपनीत तुम्ही एकटे जाणार, गावात दिवसभर राहणार बाकीचे तिघं.

आम्ही मूळ सांगलीचे. नवऱ्याला अंकलेश्वर जीआयडीसीत (आपल्या एमआयडीसीसारखीच गुजरातची) नोकरी लागली तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. मी म्हणत होते बडोद्याला राहू, तू ट्रेनने ये-जा कर, तिकडे सगळे करतात, अप-डाउन म्हणतात त्याला, पास काढतात. तर नवरा आणि त्याच्याहून जास्त माझे थोरले दीर (पुण्यात बसून बरं का, अंकलेश्वर त्यांनी ट्रेनच्या खिडकीतून पाहिलेलं तेवढंच) म्हणाले उगाच कशाला, दहा मिनिटांवर कंपनी, भाडं निम्मं, दुपारचं जेवण घरी. आम्ही तिथे चौदा महिने काढले. त्यात नवरा दुपारी जेवायला घरी आला अकरा वेळा, मी मोजलंय.

अंकलेश्वरबद्दल काय सांगायचं. 2009 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले होते, त्यात 88.50 घेऊन अंकलेश्वर पहिलं आणि वापी दुसरं, आणि ही मेरिट लिस्ट कुठली ते तुम्ही समजून घ्या. नंतर सुधारणा झाली म्हणतात, झालीही असेल. पण हिवाळ्यात वारा पडला की रात्री दीड-दोनला वास यायचा, कधी डांबरगोळ्यांसारखा, कधी सडक्या अंड्यासारखा, आणि मी उठून दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबायचे. डिसेंबरात मुलीला धाप लागायला लागली, डॉक्टरांनी नेब्युलायझर घरीच घेऊन ठेवा म्हणून सांगितलं. एका रात्री तिच्या तोंडाला मास्क लावलेला आणि लाइट गेली. मशीन बंद. नवरा नाइटला, फोन लॉकरमध्ये, कारण प्लांटमध्ये फोन नेऊ देत नाहीत. मला गुजराती शून्य. समोरचं दार वाजवलं आणि त्या बाईंना मी चक्क धापा टाकून दाखवल्या, शब्दच सुचेना. त्यांनी एक शब्द न विचारता गाऊनवर ओढणी घेतली, स्कूटर काढली, मला मागे बसवलं आणि मुलीला आमच्या दोघींच्या मध्ये दाबून धरून दवाखान्यात नेलं. त्या बाई आजही दिवाळीला मठिया पाठवतात. म्हणजे माणसं वाईट नव्हती हो, माणसांचा प्रश्नच नव्हता.

2016 च्या ऑगस्टमध्ये बडोद्याला हललो. घर शोधताना दोन प्रश्न येतील, तयारीत राहा. एक, "तमे केवा?" म्हणजे कुठल्या जातीचे. दुसरा, नॉनव्हेज खाता का. आम्ही खातो, खोटं बोलणार नाही म्हटलं, तीन घरं हातची गेली. चौथं मिळालं ते दांडिया बाजारात एका मराठी आजींकडे, ज्यांच्या चार पिढ्या बडोद्यात, सगळं मराठीत बोलायच्या आणि मध्येच "चालशे" म्हणायच्या. भाडं अंकलेश्वरच्या दुप्पट. दीर अजून ऐकवतात. पण मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं की दुपारी तीन वाजता पोरीला ताप आला तर कुणाला हाक मारायची, आणि त्या हाकेची किंमत भाड्यात धरायची की नाही हे ज्याने कधी हाक मारलेलीच नाही त्याने सांगू नये.

सयाजीरावांनी 1906 मध्ये अख्ख्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, 1910 मध्ये सेंट्रल लायब्ररी काढली, ते सगळं तुम्हाला माहीत असेल. आम्हाला त्याचा उपयोग असा की शनिवारी दुपारी मुलीला लायब्ररीत नाहीतर कमाटीबागेत न्यायचं आणि येताना सेव उसळ खायची. (मिसळ समजून खाऊ नका, हिरमोड होईल.) 2018 चं मराठी साहित्य संमेलन बडोद्यात भरलं तेव्हा आमच्या आजी तिन्ही दिवस नऊवारी नेसून, मुलीचं बोट धरून जात होत्या.

पण बडोद्याचं एक नीट ऐका, विश्वामित्री. 31 जुलै 2019 ला दिवसभरात जवळजवळ वीस इंच पाऊस पडला आणि नदी घरात आली, येताना मगरी घेऊन. ऑगस्ट 2024 मध्ये परत तेच. तेव्हा अकोटा, समा, फतेगंज, वडसर अशा बाजूंना घर बघत असाल तर ब्रोकरला काही विचारू नका, वॉचमनला विचारा, 2024 ला पाणी कुठवर आलं होतं. आमच्या मैत्रिणीला वॉचमनने पार्किंगच्या भिंतीवरची मातकट रेघ दाखवली, तिच्या खांद्याला लागत होती. टेनामेंट (तिकडे बैठ्या घराला म्हणतात) घेणार असाल तर जास्तच जपून, वरच्या मजल्याची सोय नसते.

आता मुलांचं. गुजरातेत 2023 च्या कायद्याने पहिली ते आठवी गुजराती सक्तीची आहे, कुठलंही बोर्ड असो. पाच वर्षांच्याला काही वाटणार नाही. अकरा वर्षांच्याला पहिलं वर्ष जड जाईल, मग येईल, लिपी जवळचीच आहे, फक्त वरची रेघ नाही. आमच्या मुलीने सांगलीच्या आजीला पत्र लिहिलं ते अख्खं रेघेशिवाय, आजीचा फोन, "अगं अक्षरांच्या टोप्या कुठे गेल्या?"

मोठ्याच्या बाबतीत खरा हिशोब दहावीचा आहे आणि तो आत्ताच करा. मेडिकलच्या राज्य कोट्याला दोन्हीकडे साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही त्याच राज्यातून लागतात. आमची यंदा दहावीला आहे, डॉक्टर व्हायचंय म्हणते, तर दिरांनी सुचवलं अकरावीला पुण्याला पाठवा, क्लासेस चांगले आहेत. म्हणजे दहावी गुजरातची, बारावी महाराष्ट्राची, पोरगी दोन्ही राज्यांच्या मधोमध लोंबकळणार! या वेळी मी नियमांचा कागद प्रिंट काढून त्यांच्यासमोर ठेवला. परत यायचं असेल तर नववीच्या आधी या, नाहीतर बारावीपर्यंत हलू नका. (नियम दर वर्षी बदलतात, सरकारी नोकरीवाल्यांना काही सवलती असतात, त्या वर्षीचं माहितीपत्रक बघाच.)

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. दहेज ते भरूच साधारण 45 किलोमीटर, कंपनीच्या बसेस असतात. बडोदा भरूचच्याही पुढे सत्तर-पंचाहत्तर. तुमच्या जागी मी बडोदाच घेतलं असतं, पण मी रोज बसने जाणार नाहीये. आमचा नवरा अंकलेश्वरला जातो तरी सकाळी सव्वासहाला निघतो आणि रात्री साडेआठला येतो, आणि मुलीने तिसरीत "माझे कुटुंब" चित्र काढलं त्यात मी, आजी, आजींचं मांजर, आणि बाबा कोपऱ्यात ट्रेनच्या खिडकीत. तो बिचारा बोलला काही नाही. ते चित्र अजून त्याच्या कपाटात आहे. दहेजहून बडोदा म्हणजे तर याहून लांब. म्हणून तुम्ही भरूच बघा, नर्मदेवर नवीन पूल झाल्यापासून पूर्वीचा तो कुप्रसिद्ध ट्रॅफिक पण बराच सुटलाय. फक्त घर ठरवायच्या आधी बायकोला घेऊन जा, आणि एक रात्र तिथे राहा, नुसतं सकाळी जाऊन संध्याकाळी परत नको.

आणि हो, गाडी नेणार असाल तर नाशिक सोडायच्या आधीच तिथल्या आरटीओतून एनओसी काढून घ्या, बारा महिन्यांच्या वर दुसऱ्या राज्यात ठेवायची तर नंबर बदलावा लागतो. आम्हाला त्यासाठी सांगलीच्या तीन खेपा पडल्या. ते काम मात्र तुम्ही करा, बायकोच्या गळ्यात घालू नका.