रोजच्या लिखाणाला शाई कोणती?

(वाचकांच्या शाईपेनविषयीच्या प्रश्नांना या सदरात उत्तरं देतात सोलापुरातले एक निवृत्त दिवाणजी. चादरीच्या पेढीवर त्यांनी आयुष्यभर रोजमेळ आणि खतावणी लिहिली.)

प्रश्न : मी प्राथमिक शाळेत शिकवते. टाचणवही, हजेरीपत्रक सगळं शाईपेनानंच लिहिते. इतकी वर्षं कॅम्लिनची रॉयल ब्लू वापरली. आता मुलानं पार्करची निळी क्विंक आणून दिलीय आणि शाळेतले एक सर पेलिकनची ब्लू-ब्लॅक घ्या म्हणतात. तिन्हींत रोजच्यासाठी उजवी कोणती?
– एक शिक्षिका, जुळे सोलापूर

उत्तर : बाई, शाईचा भाव आणि बाटलीचा थाट बाजूला ठेवा, आधी टाचणवहीचा कागद बघा. दुकानात मिळणारी साधी वही असेल तर कागद पातळ आणि शाई पिणारा असणार. अशा कागदावर सढळ वाहणारी शाई टाकली की अक्षराला मिशा फुटतात आणि मागचं पान वाया जातं. क्विंक तशी गुणी शाई, पण हात सैल सोडते. पेन जाड निबाचं असेल तर तुमच्या वहीवर ती जरा जास्तच होईल. बारीक निब असेल तर खुशाल वापरा.

पेलिकनची ब्लू-ब्लॅक उलट स्वभावाची. निबातून बेतानं उतरते, रेघ बारीक येते, मागं उमटत नाही. तिची खरी करामत लिहून झाल्यावर दिसते. लिहिताना अक्षर निळं असतं. हवा लागली की ते काळवंडत जातं आणि दुसऱ्या दिवशी राखाडी-काळं होऊन बसतं. कारण ती लोहाची शाई आहे. बाळगुटीत आपण मायफळ उगाळतो ना, त्याच मायफळातलं तुरट द्रव्य आणि हिराकस एकत्र करून युरोपात शेकडो वर्षं दस्तऐवज लिहिले गेले, त्याच जातीतली ही. काळा रंग हवेतच तयार होतो आणि कागदाच्या धाग्यांना धरून राहतो. निळा रंग नुसता लिहिताना दिसावं म्हणून घातलेला.

स्वतः करून बघा. एकाच पेनानं, पेन मधे नीट धुऊन, वहीच्या एकाच पानावर तिन्ही शायांनी एकेक ओळ लिहा. निब बदलला की तुलना फसते, एवढं लक्षात असू द्या. पान दिवसभर वाळू द्या. मग प्रत्येक ओळीवर पाण्याचा एक थेंब सोडा आणि थोड्या वेळानं टीपकागदानं अलगद टिपा. रॉयल ब्लू बहुतेक सगळी टीपकागदावर येईल, खाली फिकट निळी सावली उरेल. ब्लू-ब्लॅकचा निळा रंग सुटेल, पण राखाडी रेघ तशीच वाचता येईल. दुसरी परीक्षा उन्हाची, आणि त्याला आपल्या गावात काय तोटा! त्याच ओळींवर अर्ध्यात पुस्तक ठेवून पान खिडकीत राहू द्या. काही आठवड्यांनी पुस्तक उचललं की कोणती शाई किती उडाली ते समोरच दिसतं.

तर माझं मत असं : हजेरीपत्रक वर्षानुवर्षं राहायचं, त्याला ब्लू-ब्लॅक. टाचणाला तुमची कॅम्लिनच बरी. हातावर सांडली, साडीला लागली तरी बहुतेक धुऊन निघते, पेन तुंबवत नाही आणि कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. स्वस्त आहे म्हणून तिला कमी लेखू नका. दिगंबर परशुराम दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत ही कंपनी काढली तीच शाईची पूड आणि वड्या विकत, घोडा छाप नावानं. गंमत म्हणजे क्विंकही त्याच साली बाजारात आली.

प्रश्न : सुताच्या दुकानात काम करतो. मालक अजून रोजमेळ हातानंच लिहायला लावतात. उन्हाळ्यात घामाच्या हातानं आकडे पसरतात. चित्रकलेची वॉटरप्रूफ काळी शाई पेनात भरली तर?
– एक वाचक, साखर पेठ

उत्तर : तेवढं मात्र करू नका हो. ती शाई म्हणजे काजळीचे कण आणि लाखेसारखा चिकट पदार्थ. बोरूनं पोथ्या लिहायचे तीही काजळ आणि डिंकाचीच. बोरू पुसून ठेवता येतो, पेनाच्या निबाखाली जीभ असते, तिच्यातल्या केसाएवढ्या खाचा कशा पुसणार? एकदा आत वाळली की पाण्यानंही निघत नाही, पेन गेलं समजा.

काजळीचीच हवी असेल तर शाईपेनासाठी बनवलेली मिळते, जपानच्या प्लॅटिनमची कार्बन ब्लॅक. महाग आहे आणि पेन रोज चालतं ठेवावं लागतं. तुमच्या कामाला ब्लू-ब्लॅक पुरे. फक्त ती आंबट असते, स्टीलच्या निबात महिनोन्‌महिने पडू देऊ नका. दर भरणीला नाही जमलं तर एक सोडून एक भरणीला पेन धुवा, तेही डिस्टिल्ड पाण्यानं. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग बादलीवर बघताच ना?

आणि घामाचं म्हणाल तर हाताखाली टीपकागदाचा तुकडा ठेवा. आमच्या पेढीवर सगळे ठेवायचे. निम्मी तक्रार शाईची नसतेच.

प्रश्न : माझं आजोबांचं ड्रॉपरनं भरायचं पेन एप्रिल-मेमध्ये मोठे ठिपके टाकतं. आणि दोन शाया मिसळून स्वतःचा रंग केला तर चालेल का?
– कॉलेजची विद्यार्थिनी, होटगी रोड

उत्तर : बाळ, पेन बिघडलेलं नाही. शाई कमी झाली की नळीत हवा जास्त होते, हाताच्या उबेनं ती फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. पारा चाळिशीपार गेल्यावर तर विचारूच नको. पाव शाई उरली की लगेच भर, आणि दप्तरात पेन निब वर करून ठेव. टोपण सैल असेल तर पाणी उडून शाई दाट होते, लिखाण अडखळतं. तेव्हा पेन धुऊन ताजी शाई भर, जुनी बाटलीत परत ओतू नकोस.

मिसळायची हौस असेल तर एकाच कंपनीच्या साध्या रंगीत शाया घे, त्याही आधी काचेच्या वाटीत. रात्रभर ठेवून तळाशी गाळ दिसला तर ओतून दे. लोहाची शाई कशातच मिसळू नकोस.