जुगारावरच्या कराचा पैसा दिव्यांगांच्या खेळ-करमणुकीसाठी राखून ठेवणं योग्य आहे का?

पैसा जरूर घ्यावा, पण त्याच्या भरवशावर राहू नये.

'पापाचा पैसा' हा आक्षेप मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. दारूवरच्या करातून झालेल्या रस्त्यावरून आपण सगळेच जातो. माझी हरकत हिशेबाची आहे. समजा, या करातून दहा कोटी आले. पुढच्या अर्थसंकल्पात 'त्यांना तिकडून मिळतात ना' म्हणत मूळ तरतुदीतले दहा कोटी गुपचूप दुसरीकडे वळतात. निधी कागदावर राखीव, हाती मात्र वाढ शून्य. अमेरिकेत शिक्षणाच्या नावाने काढलेल्या सरकारी लॉटऱ्यांबद्दल हीच तक्रार वर्षानुवर्षं होत आली आहे. त्यामुळे 'मूळ तरतूद कमी न करता' हे शब्द कायद्यातच हवेत.

दुसरं, हे उत्पन्न कमी-जास्त होत राहतं. एकदाच करायच्या कामांना ते ठीक: तलावात उतरवणारी लिफ्ट, मोठ्या माणसाला आडवं करून कपडे बदलता येतील असं स्वच्छतागृह, खेळाच्या व्हीलचेअर (बास्केटबॉलच्या खुर्चीची चाकं तिरकी असतात, रोजच्या खुर्चीवर तो खेळ नीट जमत नाही). पण मदतनीसाचा पगार, ने-आण करणारी गाडी, सांकेतिक भाषेचा दुभाषी यांचा खर्च दर महिन्याचा. तो नेहमीच्या अर्थसंकल्पातूनच व्हावा. फीत कापता येते लिफ्टची, ड्रायव्हरच्या पगाराची नाही. म्हणून नेमका हाच खर्च मागे पडतो. आणि माणूस तलावापर्यंत पोचलाच नाही तर त्या लिफ्टचं करायचं काय?

शिवाय करमणूक ही मेहेरबानी नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 2006च्या दिव्यांग हक्क कराराचं 30वं कलम खेळ, विरंगुळा आणि सांस्कृतिक जीवनातला सहभाग हा हक्क मानतं. लोक किती हरले यावर तो अवलंबून कसा ठेवणार?

स्पेनची 'ओन्से' ही वेगळी वाट आहे. 1938 साली स्थापन झालेली ही अंधांची संस्था स्वतःच लॉटरी चालवते. त्यातून तिकीटविक्रीचा रोजगारही मिळतो आणि पैसा कुठे घालायचा हे संस्थाच ठरवते. करातून आलेल्या अनुदानात हा अधिकार सहसा मिळत नाही.

मला सर्वात जास्त खटकतं ते जुगाराच्या पैशाचं मिंधेपण. जुगारावर निर्बंध आणायचं म्हटलं की याच संस्थांना पुढे करून 'यांचं काय होणार?' असं विचारलं जातं. फिनलंडमध्ये सरकारी जुगार कंपनीच्या नफ्यावर समाजसेवी आणि क्रीडासंस्था चालायच्या. 2024 पासून तिथे हा थेट संबंध तोडून अनुदान सर्वसाधारण अर्थसंकल्पातून देणं सुरू झालं. मला तीच व्यवस्था अधिक पटते.