पीएचडी यीस्टवर झाली आहे, मेंदूच्या वार्धक्यावर पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं ठरावीक मुदतीचं संशोधनाचं काम) मिळेल का?

मिळू शकतो. यीस्ट म्हणजे कमीपणा समजू नका. पेशीतला कचरा साफ करणाऱ्या ऑटोफॅजीची जनुकं योशिनोरी ओसुमी यांनी यीस्टमध्येच शोधली, त्यावर २०१६ चं नोबेल मिळालं. न्यूरॉन, म्हणजे मेंदूतली चेतापेशी, एकदा तयार झाला की विभाजित होत नाही, म्हणजे खराब प्रथिनं दोन पेशींत वाटून टाकायची सोय त्याला नाही. म्हातारपणी ही सफाई मंदावते. तुमचं कौशल्य नेमकं इथेच कामाला येईल.

खरा प्रश्न वेळेचा आहे. उंदीर म्हातारा व्हायला दोनेक वर्षं लागतात आणि पोस्टडॉकची मुदत साधारण तेवढीच! त्यामुळे मुलाखतीत पहिला प्रश्न तुम्हीच विचारा: लॅबमध्ये २४ महिन्यांचे उंदीर आत्ता तयार आहेत का? नसतील तर आफ्रिकन टर्क्वॉइज किलिफिशचा विचार करा, या माशाचं आयुष्य चार-सहा महिन्यांचं. सी. एलेगन्स हा कृमी तर दोन-तीन आठवड्यांतच म्हातारा होतो, पण त्याला मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशी, नाहीत. मेंदूतला दाह अभ्यासायचा असेल तर तो बाद.

सिंगल-सेल आरएनए सीक्वेन्सिंगचा (एकेका पेशीत कोणती जनुकं चालू आहेत ते मोजण्याचं तंत्र) डेटा हाताळण्यापुरती आर किंवा पायथन ही प्रोग्रामिंग भाषा मात्र अर्ज करण्याआधी शिकून घ्या.