लहान मुलांच्या हार्मोन्सचा डॉक्टर होण्यात 'स्कोप' आहे का?

तुम्ही विचारलंय की भाची एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला लहान मुलांच्या हार्मोन्सची डॉक्टर व्हायचंय, तर अशी वेगळी शाखा खरंच असते का, किती वर्षं जातात आणि तिला स्कोप आहे का. कोल्हापुरात पंधरा वर्षं मी हेच करते, म्हणून लिहिते.

शाखा असते. नाव जिभेला जड आहे, पीडियाट्रिक एंडोक्रायनॉलॉजी. इंटर्नशिप धरून एमबीबीएसची साडेपाच वर्षं, बालरोगात एमडीची तीन आणि त्यापुढे डीएमची, म्हणजे या उपशाखेच्या पदवीची, तीन. मधे बॉण्डचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, वर्ष आलं की तिशी ओलांडतेच. डीएमच्या जागा देशभरात मोजक्या. दिल्लीचं एम्स, चंदीगडचं पीजीआय यांची परीक्षा वेगळी. आमच्या वेळी एवढीही सोय नव्हती. मी पुण्यात फेलोशिप केली, तो मार्ग आजही आहे.

आता स्कोप. पोटाच्या डॉक्टरांकडे खराखुरा स्कोप असतो, दुर्बीण आत घातली की बिल तयार. आमच्याकडे ना ऑपरेशन, ना दुर्बीण. एका पेशंटला पाऊण तास बोलायचं आणि त्या बोलण्याचे पैसे घ्यायचे, हे आपल्याकडे लोकांना पटायला वेळ लागतो. माझ्याबरोबर एमडी झालेल्या मैत्रिणीने नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग टाकला, तिची दुसरी इमारत उभी राहतेय. मी अजून भाड्याच्या गाळ्यात आहे. भाचीला हे आधीच सांगा, नंतर कळलं तर त्रास होतो. पेशंट मात्र भरपूर. चंदगड, राधानगरी, निपाणी, पार सिंधुदुर्गातून लोक पहाटेची एसटी धरून येतात, कारण या कामाचा डॉक्टर वाटेत कुठे भेटत नाही.

ओपीडीत सगळ्यात जास्त वापरली जाणारी वस्तू म्हणजे भिंतीवरची उंची मोजायची पट्टी. दुसरी एक माळ. लहानापासून मोठ्या होत जाणाऱ्या बारा मण्यांची, 1 ते 25 मिलीपर्यंत. मुलाच्या वृषणाचा आकार या मण्यांशी ताडून बघतात. 4 मिलीचा मणी जुळला की वयात येणं सुरू झालं. एका आजीने ती टेबलावरून उचलून कपाळाला लावली होती. मी काही बोलले नाही.

खरं काम टाइप वन डायबेटिसचं. "मॅडम, पोरगं नुसतं पाणी पितंय, आन् रातीत चारदा मुतायला उठतंय" एवढं वाक्य ऐकलं की आधी बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा. गावाकडे लघवीतल्या साखरेने न्हाणीत मुंग्या लागायला लागल्या हेही आया सांगतात, आणि त्या बरोबर असतात. पण वाक्य ऐकून घेणारं कुणी भेटत नाही. नऊ वर्षांचा एक मुलगा आला तेव्हा तीन दिवस त्याच्यावर पोटदुखीचे आणि दम्याचे उपचार चालले होते. दमा नव्हता. रक्तात आम्ल साठलं की शरीर ते बाहेर टाकायला खोल खोल श्वास घेतं, तसा तो घेत होता. शुगर 480. एक थेंब आणि पट्टी, पहिल्याच दिवशी कळलं असतं. अशा मुलाला सलाइन आणि इन्सुलिन घाईघाईने देऊनही चालत नाही, मेंदूला सूज येऊ शकते. वजनाच्या किलोमागे तासाला 0.1 युनिट इन्सुलिन किंवा त्याहून कमी, दर तासाला शुगर, आणि रात्रभर कॉटशेजारी स्टूल.

मूल शुद्धीवर आल्यावर बाप हमखास विचारतो, "गोळी नाही का यावर?" नाही. टाइप वनमध्ये इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच उरलेल्या नसतात, ते बाहेरूनच द्यावं लागतं. 11 जानेवारी 1922 रोजी टोरोंटोत लिओनार्ड थॉम्प्सन नावाच्या 14 वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. त्याआधी अशी मुलं उपाशी ठेवून थोडे दिवस जगवत, एवढंच. हे मी प्रत्येक बापाला सांगते. तरी दोन-तीन वर्षांत एखादा कुणाचा तरी काढा सुरू करून इन्सुलिन बंद करतो आणि मूल परत आयसीयूत येतं. चिडून उपयोग नसतो, चिडले तर पुढच्या वेळी ते माझ्याकडे येणारच नाहीत.

मग शिकवणी. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या 40 ताकदीच्याही मिळतात आणि 100 च्याही. 40 च्या सिरिंजचं टोपण लाल, 100 च्या सिरिंजचं केशरी. 100 चं इन्सुलिन लाल सिरिंजमध्ये ओढलं तर डोस अडीचपट होतो. हे मी दोन्ही सिरिंज हातात देऊन, उलटसुलट विचारून घोटून घेते. फ्रीज नसेल तर मडकं: मोठ्यात छोटं, मधे ओली वाळू, चांगलं चालतं. भाकरीला किती युनिट, गुऱ्हाळावर रस प्यायला तर किती, हेही. सातवी शिकलेल्या आया हा हिशेब महिन्याभरात माझ्यापेक्षा जलद करतात. शाळा हा वेगळा वैताग. 2017 मध्ये सीबीएसईने या मुलांना परीक्षेत खाऊ जवळ ठेवायला परवानगी दिली, पण गावातल्या शाळेत अजून आईच डबा आणि इंजेक्शन घेऊन दुपारी फाटकाशी उभी असते.

उंचीच्या तक्रारी घेऊन लोक फार उशिरा येतात. "दहावी होऊ दे, मग बघू." चार वर्षांनंतर मूल वर्षाला साधारण 5 ते 6 सेंटिमीटर वाढायला हवं, ते वाढत नसेल तर तेव्हाच बघायचं. मुलीची पाळी आल्यावर सरासरी 5 ते 7 सेंटिमीटरच वाढ उरते. हाडांची टोकं जुळली की वाढीचं इंजेक्शनही काही करू शकत नाही, मग लग्नाच्या बाजारातली उंची घेऊन आलेल्या आईबापांना मी काय सांगणार? टीव्हीवरच्या पावडरींबद्दल विचारूच नका. मानेवरचा काळपटपणा मळ समजून घासून घासून कातडी सोललेली मुलंही येतात. तो मळ नसतो, वजनामुळे इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असते.

एक चूक सांगते, माझीच. प्रॅक्टिसच्या दुसऱ्या वर्षी चार दिवसांचं बाळ आलं. मुलगा म्हणून घरी पेढे वाटून झालेले. तपासलं तर वृषण हाताला लागेनात. सोनोग्राफीत गर्भाशय, गुणसूत्रं 46 एक्सएक्स, म्हणजे मुलीची. अ‍ॅड्रिनल ग्रंथीतलं एक एन्झाइम जन्मतः कमी असलं की आतून पूर्ण मुलगी असलेलं बाळ बाहेरून मुलासारखं दिसू शकतं. मी आजीला आधी सांगितलं, "ही मुलगी आहे." त्यापुढचं तिने ऐकलंच नाही. आणि पुढचंच महत्त्वाचं होतं: दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अशा बाळाच्या अंगातलं मीठ झपाट्याने कमी होऊन ते दगावू शकतं, रोज तीन वेळा औषध द्यायचं, ताप आला तर डोस तिप्पट. ते लोक दहा दिवस फिरकले नाहीत. अकराव्या दिवशी उलट्या करणारं, निपचित बाळ घेऊन आले. वाचलं. आता ती आठवीत आहे, वर्गात तिचाच आवाज मोठा असतो म्हणे. पण तेव्हापासून मी आधी औषध सांगते, मग बाकीचं. आणि शंका असेल तर बर्फी-पेढे दोन्ही थांबवा म्हणून प्रसूतिगृहांना फोन करत असते.

याउलट जन्मतः थायरॉइड कमी असलेलं बाळ. टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन पहिल्या दोन आठवड्यांत ओळखलं, तर रोज एक स्वस्त गोळी आईच्या दुधात चुरून द्यायची आणि मूल इतरांसारखंच वाढतं. सहा महिन्यांनी ओळखलं तर बुद्धीचं जे नुकसान झालं ते भरून येत नाही. गोव्याने 2008 मध्ये सरकारी पातळीवर नवजात बाळांची अशी तपासणी सुरू केली होती. आमच्याकडे अजून ते त्या त्या डॉक्टरच्या मनावर आहे.

भाचीला एमडीचा फॉर्म भरण्याआधी कुठल्याही मोठ्या शहरात टाइप वनच्या ओपीडीत एक दिवस बसवा. डॉक्टरशेजारी नको, बाहेर बाकावर, आयांमध्ये. त्यांच्या पिशवीत एक वही असते, तारीखवार शुगर लिहिलेली, मधेच किराण्याचा हिशेब. ती वाचायला मागायची. वाचता वाचता जेवणाची वेळ टळली तर पुढचा फॉर्म भरायला हरकत नाही.